‘त्यांना सांगू नका, डॉक्टर’

वाचकांचे प्रश्न, न्यूरॉलॉजिस्टची उत्तरं

या महिन्याच्या गठ्ठ्यात औषधांचे, एमआरआयचे नेहमीचे प्रश्न होतेच. पण चार पत्रं अशी होती की त्यांत आजाराइतकंच, किंबहुना जास्तच, दुखणं होतं ते आजार कसा सांगितला गेला याचं. या वेळी ती चारच घेते. बाकीच्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, ही विनंती.

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते. गेल्या दिवाळीच्या सुमारास चालता चालता त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मग पाऊल खरडायला लागलं. गावच्या डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून मणक्यात नस दबल्याचं सांगितलं. आता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधलं मांस उतरलंय, दंडावर मांस आपोआप उडतं. शेवटी मोठ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवलं. सुया टोचून तपासणी झाली. वडील शर्ट घालत होते तेवढ्यात डॉक्टरांनी मला दाराशी घेतलं. म्हणाले, ‘मोटर न्यूरॉन आहे. औषध नाही. दोन-तीन वर्षं. उगाच पैसे घालवू नका, घरी नेऊन सेवा करा.’ तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. गाडीत वडिलांनी विचारलं, ‘काय म्हणाले?’ मी सांगितलं, नस दबलीय, वेळ लागेल. आता ते मणक्याचं ऑपरेशन करा म्हणून मागे लागलेत आणि त्यासाठी रस्त्याकडेचे पाच गुंठे विकायची बोलणी त्यांनी सुरू केलीत. आई म्हणते, खरं सांगितलंस तर हाय खातील. त्यांना सांगावं का? आणि डॉक्टरांनी मला हे असं सांगायला हवं होतं का? (सातारा जिल्हा, नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. असं सांगायला नको होतं. दाराशी नको, चार वाक्यांत नको, आणि तुम्हाला एकट्याला तर नकोच नको.

आता तातडीचं. जमिनीची बोलणी थांबवा. साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांचा एमआरआय काढला तर मणक्यात कुठे ना कुठे झीज किंवा नस दबलेली दिसते. तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे पायात सुरुवात, मग हात, अंगठ्याच्या बाजूचं मांस उतरणं आणि मांस उडणं, ही मात्र एका दबलेल्या नसेच्या हिशेबात बसत नाहीत. पत्रावरून मी निदान करत नाही, पण त्या डॉक्टरांचं निदान, म्हणजे मोटर न्यूरॉन आजार (एमएनडी, ज्यात स्नायू हलवणाऱ्या नसपेशी हळूहळू निकामी होत जातात), बरोबर असण्याची शक्यता मला बरीच वाटते. ते बरोबर असेल तर मणक्याच्या ऑपरेशनने हा आजार थांबणार नाही, उलट भूल आणि अंथरुणातले दिवस अशक्त स्नायूंना आणखी मागे नेतात. शक्य असेल तर आणखी एका न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही. जगभरात या आजाराचं निदान व्हायला पहिल्या लक्षणापासून सरासरी वर्षभर जातं, तुमचा प्रवासही तसाच झालाय.

आणि एक सावधगिरी. जमीन विकायची तयारी आहे हे कळलं की स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊन कुणीतरी दारात येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या सूचनांप्रमाणे अशा आजारात स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त संशोधनात देता येतात, आणि संशोधनात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की उठून यायचं.

आता सांगण्याबद्दल. मला त्या डॉक्टरांचा राग येतोय, पण तो मला जपून वापरला पाहिजे, कारण त्यांच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

२००२ साली मी मिरजेत नवी होते. तंतुवाद्यं करणारे एक कारागीर माझ्याकडे आले. (त्यांच्या मुलाला विचारूनच हे लिहितेय.) तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढणं, म्हणजे तारेचा सूर गुंजेल अशी घोडी घासणं, हे त्यांचं काम, आणि कानस धरणारा अंगठाच साथ देईना. ईएमजी, म्हणजे सुया टोचून करायची स्नायूंची तपासणी, झाली. रिपोर्ट हातात घेऊन मी बाहेर आले आणि पॅसेजमध्ये, त्यांच्या देखत, त्यांच्या पुतण्याला इंग्रजीत सांगितलं की हा अमुक आजार आहे आणि करण्यासारखं काही नाही. इंग्रजीत अशासाठी, की त्यांना कळू नये. तीन आठवड्यांनी ते एकटेच आले. म्हणाले, ‘बाई, जवारी खुली आहे का बंद, ते मला तार छेडल्याबरोबर कळतं. तुम्ही बोलत होता तेव्हा पुतण्याच्या तोंडावर सगळं आलं होतं. आता फक्त आजाराचं नाव सांगा, आणि हा हात किती दिवस कानस धरेल तेवढं सांगा.’ मी विचारलं, हाताचंच का? तर म्हणाले, ‘नऊ तंबोऱ्यांचा इसार घेतलाय. किती पुरे होतील ते कळलं म्हणजे बाकीच्यांचे पैसे परत करता येतील.’

त्यांनी चार पुरे केले. पाच जणांचे पैसे घरी जाऊन परत दिले. मी गप्प राहिले त्या तीन आठवड्यांत कदाचित पाचवाही झाला असता. हा हिशेब त्यांनी मला कधी ऐकवला नाही, माझा मीच करत आलेय.

म्हणून, दादा, तुमचे वडील पाच गुंठे विकायला निघालेत ते हट्टापायी नाही. त्यांना जी माहिती दिली गेलीय, तिच्यावर ते शहाण्या माणसाचा निर्णय घेताहेत. माहितीच खोटी आहे.

तुमच्या आईंची भीती मी रोज ऐकते. ‘त्यांना सांगू नका, डॉक्टर’ हे वाक्य माझ्या ओपीडीत मराठीत, कानडीत, उर्दूत येतं. कधी चिठ्ठीवर लिहून केसपेपरमध्ये सरकवलेलं असतं. त्यामागे प्रेम असतं, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि खरं ऐकून माणूस खचतच नाही, असंही मी म्हणणार नाही. काही जण दोन-दोन दिवस जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. पण तुमच्या वडिलांचं मांस त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत उतरतंय. शर्टाचं बटण कालपेक्षा आज जड जातंय, हे त्यांना तुमच्याआधी कळतं. घरातले सगळे कुजबुजतात आणि आपण आत आलो की विषय बदलतात, हेही त्यांना कळत असणार. ती भीती ते एकटे घेऊन झोपतात. तुम्ही तुमची वेगळी घेऊन झोपता, आई तिची वेगळी.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली पेशंटच्या हक्कांची सनद तयार केली. तिच्यातला पहिलाच हक्क माहितीचा आहे: आजार काय, कारण काय, उपचार काय, पुढे काय. सनदेत हा हक्क पेशंटचा आहे. मुलाला सांगून तो पुरा होत नाही.

मग करायचं कसं? सांगायचं काम एकट्याने अंगावर घेऊ नका, ते डॉक्टरचं आहे. ज्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाल त्यांना आधी फोनवर किंवा चिठ्ठीने एवढंच कळवा: ‘वडिलांना अजून माहीत नाही. तुम्ही त्यांनाच सांगा, आम्ही सोबत बसतो. थोडा वेळ राखून ठेवा.’ आईला बरोबर न्या. तिला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका. घरी त्याआधी एखाद्या संध्याकाळी, टीव्ही बंद असताना, वडिलांना विचारा, ‘रिपोर्टमध्ये जे काही आहे ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, का मी बघून घेऊ?’ ते म्हणाले ‘तू बघ’, तर तेही मान्य करा. न ऐकण्याचाही हक्क असतो. मात्र तो त्यांनी स्वतः वापरला पाहिजे, आपण त्यांच्या नावावर वापरायचा नाही. आणि महिन्याभराने पुन्हा विचारा, माणसाचं मन बदलतं. पन्नास माणसं पाठीशी घेऊन ज्यांनी रात्री-अपरात्री खंबाटकीचा घाट उतरवलाय, त्यांना गाडीत काय बिघाड आहे हे ऐकायची ताकद असावी, असं मला वाटतं.

‘दोन-तीन वर्षं’ हा आकडा मात्र घरात खिळ्याला टांगून ठेवू नका. या आजारात लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांचं आयुष्य दोन ते पाच वर्षांचं असतं, हे खरं. पण दहापैकी साधारण एकजण दहा वर्षांपलीकडे जातो. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या २१व्या वर्षी, दोनेक वर्षं सांगितली होती. ते २०१८मध्ये ७६व्या वर्षी गेले. ते अपवाद होते, त्यांच्या नावावर मी कुणाला आशा विकणार नाही. पण कुठला पेशंट कुठल्या वाटेने जाईल, हे पहिल्या भेटीत कुणालाही सांगता येत नाही. तीन-तीन महिन्यांनी तपासत गेलं की वेग लक्षात येतो. वडिलांनी ‘किती?’ विचारलं, तर डॉक्टरांनी आधी ‘कशासाठी विचारताय?’ हे विचारावं. कुणाला नातीचं लग्न बघायचं असतं, कुणाला कर्ज फेडायचं असतं. माझ्या कारागिरांना इसार परत करायचा होता. उत्तर त्या प्रश्नाला द्यायचं.

‘औषध नाही’ हेही पुरतं खरं नाही. रिलुझोल नावाची गोळी १९९५ सालापासून आहे. ती आजार बरा करत नाही, आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढवते. हे असंच, न वाढवता, न घटवता सांगायचं आणि घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्यायचं. श्वासाचे स्नायू थकायला लागले की रात्री मास्क लावून चालणारं मशीन, म्हणजे बायपॅप, मिळतं. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचं गिळणं-बोलणं फारसं बिघडलं नव्हतं अशा पेशंटचं आयुष्य त्याने सुमारे सात महिन्यांनी वाढलं. शिवाय अशा मशीनने झोप सुधारते, सकाळची डोकेदुखी कमी होते. गिळताना ठसका लागायला लागला तर पोटातून नळी बसवता येते, पण ती श्वास चांगला असतानाच बसवलेली बरी. वजन उतरू देऊ नका. आपल्याकडे आजारी माणसाला लगेच पथ्यावर टाकतात. इथे तूप, शेंगदाणे, दूध, पचेल ते भरपूर द्या. पावलासाठी हलका पट्टा मिळतो, तो लावला की पाऊल खरडत नाही. बँकेचे, जमिनीचे कागद सही चालतेय तोवर मार्गी लावा. पुढे व्हेंटिलेटर हवा की नको, हा निर्णयही त्यांना आताच लिहून ठेवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असं इच्छापत्र मान्य केलंय आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केलीय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

यातलं एकही काम वडिलांना न सांगता करता येत नाही. बायपॅपचा मास्क तोंडावर चढवताना काय सांगणार? नस दबलीय?

प्रश्न : मी २९ वर्षांची, शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. उन्हाळ्यात एका डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं. ते बरं झालं आणि चार महिन्यांनी कमरेखाली बधिरपणा आला. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि नवऱ्याला व सासऱ्यांना आत बोलावलं. घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या आजाराचं नाव मला दहा दिवसांनी मेडिक्लेमच्या फॉर्मवर वाचायला मिळालं: मल्टिपल स्क्लेरॉसिस. आता सासरी ‘मूल होऊ द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले’ एवढंच ऐकवतात. मी काय करू? (कोल्हापूर.)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीत आहात, मुलांना शिकवता. तुमच्या शरीराची बातमी आधी दुसऱ्यांना देण्याचा कुणालाही अधिकार नव्हता. सर्वोच्च न्यायालयात २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्याचा निकाल लागला. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. सज्ञान पेशंटच्या वतीने, जिवावरचा प्रसंग नसेल तर, सख्ख्या आईलाही हो म्हणता येत नाही. मग नवरा आणि सासरे तुमच्या अपत्याबद्दल तुमच्याविना बोलणी कशी करतात?

आजाराबद्दल थोडक्यात. आपली प्रतिकारशक्ती नसांवरच्या वेष्टणावर चुकून हल्ला करते. तरुण स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. हल्ले कमी करणारी बरीच औषधं आज आहेत आणि ती लवकर सुरू केली तर फायदा जास्त. म्हणजे ते गप्प बसले ते दहा दिवससुद्धा तुमचे होते. मुलाबद्दल: हा आजार आहे म्हणून गरोदर राहू नये, असा नियम नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हल्ले कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. काही औषधं मूल होऊ देण्याआधी थांबवावी लागतात, म्हणून ठरवून, न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना विचारून पुढे जायचं. कदाचित डॉक्टर ‘हे औषध चालू असताना मूल नको’ असं म्हणाले असतील आणि घरी येईपर्यंत त्याचं ‘मूल नको’ झालं असेल. निरोप दुसऱ्याच्या हाती दिला की असं होतं.

तुम्ही स्वतः अपॉइंटमेंट घ्या. तुमची फाइल, एमआरआयची सीडी, रिपोर्टच्या प्रती मागून घ्या, त्या तुमच्या आहेत. आत एकट्या जा किंवा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना न्या, मग ती आई असेल, मैत्रीण असेल किंवा नवरा असेल. नवऱ्याबद्दल मी पत्रावरून मत बनवत नाही. त्यालाही कुणी नीट सांगितलेलं नाही, तोही घाबरलेला असू शकतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५पासून काम करते, तिथे तुमच्याच वयाच्या, नोकरी करणाऱ्या, मुलं असलेल्या बायका भेटतील. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार आहे. आज त्याची गरज नसेल, पण पुढे शाळेत वरच्या मजल्यावरचा वर्ग जड गेला तर ते लक्षात असू द्या.

प्रश्न : आई ७६ वर्षांची, अल्झायमरची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले. ती सारखी विचारते, ‘मला काय झालंय गो?’ भाऊ म्हणतो, सांगून काय उपयोग, उद्या विसरेल. (मडगाव, गोवा.)

उत्तर : विचारतेय ना? मग सांगा. तिच्या शब्दांत सांगा: ‘आई, तुझी आठवण कमी होतेय, हा मेंदूचा आजार आहे, त्यात तुझी काही चूक नाही, आणि आम्ही आहोत.’ उद्या विसरली आणि पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेवढंच, त्याच आवाजात. आजाराचं नाव रोज तिच्या कानावर घालायची गरज नाही. पण आज, सुरुवातीच्या दिवसांत, पैशाअडक्याचे, घराचे निर्णय ती समजून घेऊ शकते, तेव्हा तिला एकदा नीट, डॉक्टरांसमोर, सगळं कळायला हवं. भावालाही त्या वेळी बोलवा. पुढे ती विचारायची थांबेल, त्यानंतर आठवण करून देऊ नका. विसरली म्हणून सांगणं फुकट गेलं असं समजू नका. घरातले आपल्याशी खरं बोलतात, हा विश्वास शब्द गेले तरी मागे राहतो, असं मी अशा पेशंटमध्ये पाहिलंय.

प्रश्न : मी न्यूरॉलॉजीत डीएम (एमडीनंतरचं विशेष शिक्षण) करतोय, दुसरं वर्ष. वॉर्डात एमएनडी, हंटिंग्टन (आईवडिलांकडून मुलांत येणारा मेंदूचा आजार), मेंदूच्या गाठी, सगळं बघतो. निदान करायला शिकवलं, सांगायला कुणी शिकवलं नाही. सीनियर म्हणतात, पटकन सांगून मोकळं व्हायचं, आपल्या लोकांना जास्त झेपत नाही. गेल्या आठवड्यात मी एका बाईंना हंटिंग्टन सांगितला आणि त्यांनी लगेच मुलांचं विचारलं. मला बोलताच आलं नाही. (नाव, गाव नको.)

उत्तर : तुम्ही हे लिहिलंत, याचा मला फार आनंद झाला. माझ्या वेळी असं पत्र लिहायचं मला सुचलं नव्हतं.

‘आपल्या लोकांना झेपत नाही’ हे मीही ऐकलंय. १९६१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारलं होतं, कॅन्सर झाला तर पेशंटला सांगता का? शंभरातल्या नव्वदांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली तोच प्रश्न विचारला तेव्हा ९७ जणांचा कल सांगण्याकडे गेला. अठरा वर्षांत तिथले लोक बदलले नव्हते, डॉक्टर बदलले होते.

पद्धती आहेत, त्या वाचा. २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ मांडली गेली: जागा, पेशंटला आधी काय माहीत आहे, किती ऐकायचंय, मग सांगणं, मग त्याच्या भावनेला उत्तर, आणि शेवटी पुढची दिशा. एमबीबीएसला २०१९पासून ‘एटकॉम’ नावाने संवादाचा भाग आलाय, तुमच्या ज्युनियरना तो असेल. युरोपातल्या न्यूरॉलॉजी संघटनांच्या महासंघाने २०१२ साली एएलएससाठी, म्हणजे एमएनडीच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारासाठी, सूचना काढल्या. त्यांत लिहिलंय की निदान प्रत्यक्ष भेटीत सांगावं, पेशंटला ओळखणाऱ्या डॉक्टरनेच सांगावं, त्यासाठी किमान ४५ ते ६० मिनिटं द्यावीत आणि दोन ते चार आठवड्यांत पुन्हा बोलवावं. सकाळच्या ओपीडीत साठ पेशंट असताना एक तास कुठून आणायचा, हे मला ठाऊक आहे. मी ओपीडीत घाईने काहीच सांगत नाही. ‘रिपोर्ट आलाय, त्यावर नीट बोलायचंय, गुरुवारी संध्याकाळी पाचला घरच्यांना घेऊन या’ एवढं सांगते. दोन दिवस ते काळजीत काढतात, हे मला खुपतं. पण दाराशी चार वाक्यांत सांगण्यापेक्षा ते बरं. एकटा राहणारा, फार घाबरलेला कुणी असेल तर त्याच दिवशी सगळ्यात शेवटी थांबवून घेते.

गुरुवारी टेबल मध्ये ठेवत नाही. फोन बाहेर. पाण्याचा तांब्या आत. आधी विचारते, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, काय झालं असेल?’ दहापैकी सहा-सात जण मला लागणारी अर्धी वाक्यं स्वतःच बोलून जातात. मग, ‘तपासणीत जे दिसलंय ते मला वाटलं होतं त्यापेक्षा गंभीर आहे. सांगू?’ मग आजाराचं नाव, एकदाच, स्वच्छ. ‘नसांचा थोडा प्रॉब्लेम’ नाही. आणि मग गप्प. हे सगळ्यात अवघड आहे. जीभ वळवळते, रिलुझोलचे डोस आठवतात. मी मनात तीस आकडे मोजते. पहिलं वाक्य त्यांचं असू दे. रडले तर रडू द्यायचं, ‘रडू नका’ म्हणायचं नाही. ‘काही करता येणार नाही’ हे वाक्य तर तोंडात येऊच द्यायचं नाही, कारण ते खोटं आहे. बरं करता येणार नाही असं म्हणायचं, आणि लगेच काय करता येईल ते.

शेवटी एका कागदावर मराठीत लिहून देते: आजाराचं नाव, आतापासून करायच्या दोन-तीन गोष्टी, पुढची तारीख, दवाखान्याचा फोन. त्या खोलीत ऐकलेलं बहुतेक सगळं ते विसरणार असतात. कागद राहतो. पाकिटात घडी घालून वर्षभर वागवलेले असे कागद मी पाहिलेत.

आता तुमच्या त्या बाई. हंटिंग्टनचं जनुक १९९३ साली सापडलं. प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, हे तुम्हाला पाठ आहे, म्हणूनच तोंड उघडलं नाही. त्यांच्याकडे परत जा. वॉर्डात असतील तर उद्या, घरी गेल्या असतील तर बोलावून घ्या. म्हणा, ‘तुम्ही मुलांचं विचारलंत आणि मी गप्प बसलो. मला उत्तर माहीत होतं, सांगायला जमलं नाही.’ मग सांगा, की येऊ शकतो, येईलच असं नाही, आणि रक्त तपासून आधी कळू शकतं. पण मुलं सज्ञान झाल्यावर, त्यांनी स्वतः मागितलं तरच, आणि समुपदेशनानंतर. लहान मुलांची तपासणी आज कुणी आग्रहाने करायला सांगितली तरी करू नका.

आणि सुट्टी मिळाली तर मिरजेला या. पेशंटला विचारून, तो हो म्हणाला तर, गुरुवारी संध्याकाळी एक खुर्ची तुमच्यासाठी जास्तीची टाकते. पत्ता संपादकांकडे आहे.